वरची हद्द

आमच्या घरात दोन गोष्टी दिवस मावळायच्या आत खाली आल्याच पाहिजेत, असा दंडक होता. एक ताटातला शेवटचा घास आणि दुसरं राजमती आत्तीचं विमान. घासाचं कारण सांगायला नको. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरी चूल सूर्याच्या धाकात असते. विमानाचं कारण निराळं होतं. आत्ती, म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची थोरली बहीण, कराडजवळच्या धावपट्टीवर पोरांना विमान चालवायला शिकवायची आणि त्या बारक्या विमानांना अंधारात उडायची मुभा नसायची. लहानपणी मला मात्र ही एकच शिस्त वाटे. ऊन उतरलं की आई भाकरी थापायला बसायची आणि मी भिंतीला टेकून मनात म्हणायची, आता आत्ती पण उतरली असेल. मग आम्ही दोघी एकदमच जेवतो आहोत असं वाटून भाकरी गोड लागायची.

कधीकधी ती नदीच्या कडेकडेनं आमच्या गावावर यायची. आधी लांबून शिवणयंत्रासारखा आवाज, मग उसाच्या तुऱ्यांवरून तो पांढरा ठिपका. आई पीठ लागलेल्या हातांनी तशीच अंगणात धावायची, डोक्यावरचा पदर दातात धरून. शेजारपाजारच्या बायका बाहेर यायच्या. आत्ती एक पंख जरासा झुकवायची, तो आमच्यासाठी. अण्णा तेव्हा बहुतेक हळद शिजवत असायचे. कढईवर वाफ, अंगाला तो उग्र, मातकट वास, हातात लांब दांड्याचं फावडं. ते कधी वर बघायचे नाहीत. विमान गेलं की मला विचारायचे, "किती खालनं गेली गं?" बाजारात मात्र चारचौघांत छाती काढून सांगायचे, "आमची आक्का इमान चालवती." आमच्या भागातली ती पहिलीच बाई. तिला बघायला म्हणून लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे आणि ती पाट्यावर चटणी वाटताना दिसली की त्यांचा हिरमोड व्हायचा. पिकांवर वरून औषध फवारायच्या विमानाचं काम तिला आलं होतं, पगारही चांगला होता. ते तिनं घेतलं नाही. "एवढे जीव मारून पोट कोण भरणार," म्हणाली. तिच्या जैनपणाचं आम्ही हेच उदाहरण द्यायचो, कारण दुसरं फारसं सापडायचं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे मलकापूरला जायची. दोन खोल्या, एक स्टोव्ह, पाणी गाळायचं एक फडकं आणि भिंतीवर एक मोठा नकाशा. आईनं बांधून दिलेल्या शेंगांच्या पोळ्या ती लोणच्याबरोबर खायची आणि बोटं चाटत म्हणायची, "वयनीनं जीव ओतलाय." सकाळी लुनावर मला मागे बसवून धावपट्टीवर न्यायची. मी शेडच्या सावलीत बसून विमानं मोजत नसे, आत्तीलाच बघत असे. ती विमानाभोवती फिरायची, पंखावरून हात फिरवायची, पंखा हलवून बघायची. अगदी म्हशीला धुताना अण्णा फिरतात तशी. काम नसलं की मला आत बसवायची. सीट खोल, पुढचं दिसायचं नाही म्हणून पाठीमागे उशी. दांडा हातात दिला की माझे तळवे घामानं ओले व्हायचे.

"सुमे, दिशा किती?" ती विचारायची.

"चार."

"त्या जमिनीवरच्या माणसाला. साळा शिकलेल्याला आठ. आपल्याला दहा. वर आन् खाली पन धर."

त्या "आपल्याला"वर मी सगळं वर्ष काढायची. तिनं मला वर मात्र कधीच नेलं नाही. मी हट्ट केला तर म्हणायची, "पयल्यांदा वर जाशील ती शिकायलाच. पावण्यासारखी न्हाई. बारावी होऊंदे, मी सोता नेते." मला ते इतकं पटलं होतं की एकदा तिथल्या एका मास्तरांनी "चल पोरी, एक फेरी मारून आणतो," म्हटलं तेव्हा मीच नको म्हणाले. आता त्या नकाराची आठवण आली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. असो.

अण्णांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी मला एकदाही नाही म्हटलं नाही. "गणितात मार्क पाड, मग बघू. आक्का हाय की," एवढंच. माणसं ओरडतात, मारतात, पोरींची पुस्तकं चुलीत घालतात. अशा बापांविषयी मी वाचलंय, ऐकलंय. माझे वडील तसे नव्हते. ते मला शेंगा भाजून द्यायचे आणि अभ्यासाला बसले की रेडिओ बंद करायचे. त्यांचं कसब वेगळं होतं, ते कळायला मला वेळ लागला.

मी बारावीला होते त्या वर्षी आत्ती घरी आली. डोळ्यात काहीतरी दोष निघाला, मेडिकलला डॉक्टरांनी सही दिली नाही, आणि सहीशिवाय विमानाला हात लावता येत नाही. ती एक पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेला नकाशा घेऊन उतरली. लग्न केलं नव्हतं, घर बांधलं नव्हतं, जे होतं ते त्या धावपट्टीवर होतं आणि ते आता गेलं होतं. आईनं खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर केली. आत्तीनं ती चाळवली, खाल्ली नाही. अण्णांनी विहिरीकडची खोली झाडून घेतली, पण तिची ट्रंक काही दिवस सोप्यातच होती. मला त्याचं नवल वाटलं होतं. खोली तयार, माणूस हजर, आणि ट्रंक बाहेर. एकदा अण्णा आणि ती विहिरीच्या कट्ट्यावर बराच वेळ बोलत बसलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी ट्रंक आत गेली.

त्या वर्षी गावच्या बस्तीत महाराजांचा चातुर्मास होता. आमच्याकडे देवळाला बस्ती म्हणतात. महाराज कर्नाटकातले, बोलायचे ते सगळं कन्नड. मराठी समजायचं पण ओठावर यायचं नाही. माझी आई सीमेपलीकडची, तिचं माहेरचं बोलणं तेच. आत्तीनं बेळगावात काही वर्षं काढलेली, तिलाही येई. मला मात्र आईनं ते शिकवलं नाही. सासरी सगळे हसतात म्हणून ती स्वतःच विसरायला बघत होती. मला स्वयंपाकघरापुरते चारदोन शब्द यायचे. "हौदु" म्हणजे हो, हे ठाऊक होतं, कारण लहानपणी मला तो पाण्याचा हौद वाटायचा आणि आई हो म्हणाली की मी घागर शोधायला जायची. घरात त्यावरून अजून थट्टा होते.

चातुर्मासात प्रत्येक जण काहीतरी नियम घेतो. कुणी पालेभाजी सोडतं, कुणी गूळ. त्या वर्षी बायका दिशांचं व्रत घेत होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसानं आपल्या हिंडण्याफिरण्याला हद्द घालून घ्यायची, इकडे अमुक गावापर्यंत, तिकडे तमुक नदीपर्यंत, म्हणजे तेवढा लोभ कमी आणि तेवढी हिंसा कमी. दाही दिशांना. वरच्या दिशेलाही हद्द असते आणि खालच्यालाही. त्यात दोन प्रकार. ठरलेल्या मुदतीपुरतं घेतात ते देशव्रत. जन्मभराचं ते दिग्व्रत. आज मी हा फरक झोपेतही सांगेन.

आत्ती माझे केस विंचरत होती तेव्हा म्हणाली, "तू बी घे की. देशव्रत. दिवाळीपतोर."

"दिवाळीपर्यंत मी कुठं जाणार आहे? अभ्यासच करायचाय."

"म्हनूनच म्हनते. फुकटात पुण्य. आन् आत्तापासनं नियम लागला तर फुडं विमानात बसल्यावर कामाला येतोय बग. ज्याला हद्द पाळता येत न्हाई त्यानं दांडा धरू नये."

तिच्या तोंडून विमान हा शब्द आला की मी विहिरीतही उडी घेतली असती. मी आईची पांढरी साडी नेसले, हातात श्रीफळ घेतलं आणि गेले.

बस्तीत ओल्या साड्यांचा आणि तांदळाचा वास होता. बायका ओळीनं पुढे जात, नमोस्तु करत, हद्दी सांगत. पूर्वेला विजापूर, पश्चिमेला कोयनानगरचा घाट, उत्तरेला पुणं, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. खाली आपापल्या विहिरीचा तळ. आणि वर? वर सगळ्या एकच सांगत होत्या, शिखरजी. निदान तीर्थाचं नाव ओठी यावं म्हणून वरची हद्द शिखरजीच्या डोंगराएवढी ठेवायची, अशी आमच्याकडे रीतच आहे. माझी पाळी आली तशी माझी बोबडी वळली. आत्ती मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्या वतीनं कन्नडमध्ये सांगत गेली. चार दिशा बाकीच्यांसारख्याच होत्या, एवढं मला कळलं. वरच्या दिशेला तिनं शिखरजी म्हटलं नाही. बस्ती असा शब्द मी ऐकला. दोनचार बायकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. माझी आई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, ती आपल्या काकणांशी खेळत होती. मला वाटलं, जेवढी हद्द लहान तेवढं पुण्य जास्त, आत्ती माझ्यासाठी जास्तीचं मागतेय.

महाराजांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सायूतनक?"

मी आत्तीकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी वाकली. "दिवाळीपतोर का म्हनून इचारत्यात. हौदु म्हन."

"हौदु," मी म्हणाले.

महाराजांना माझ्या वयाचं नवल वाटलं असावं. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, एकेक अक्षर सुटं करून. मी पुन्हा हौदु म्हणाले, या वेळी जरा ठसक्यात. त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. त्यांचा यात काहीच दोष नव्हता. त्यांनी दोनदा विचारलं होतं. इतकं तर मला दुसऱ्या कुणीच विचारलं नाही.

दिवाळीला पहाटे बस्तीत निर्वाणलाडू चढवला, महाराज विहार करून पुढच्या गावाला निघून गेले, आणि मी घरी येऊन आईला म्हणाले, "सुटले बाई. आता कराडला जाऊन कधी परीक्षा असते ते विचारून येते." आई करंज्या भरत होती. तिचा हात थांबला. मी आपली बडबडतेच आहे. मला तो शब्द पाठ झाला होता, मिरवायचा होता. म्हटलं, "आता मला पण कन्नड येतं. सायूतनक म्हणजे दिवाळीपर्यंत."

"तनक म्हंजी पतोर," आई म्हणाली. "सायू म्हंजी मरनं."

ती करंजीची कड दुमडत राहिली. एवढी नीट मुरड घालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे?"

"मरंपतोर. आन् वरची हद्द आपल्या बस्तीचं शिखर. त्याच्या वर न्हाई."

"आई, तू तिथंच बसली होतीस."

"व्हय."

"तुला सगळं कळत होतं."

"मला एकटीलाच तर कळत व्हतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग सगळं बाहेर आलं. विहिरीच्या कट्ट्यावर अण्णांनी आत्तीला सांगितलं होतं, आक्का, तुझं झालं ते झालं, लोक तुला नावाजत्यात, पन माझ्या पोरीला तुझ्यावानी ट्रंक घेऊन भावाच्या दारात आलेली मला बघायची न्हाई. तिच्या डोक्यातलं तूच काढ. माझं ती ऐकायची न्हाई, तुझं ऐकती. मग ही खोली तुझी, जन्मभर. आईला त्यांनी गप्प बसायला सांगितलं होतं. ती गप्प बसली होती.

मी विहिरीकडच्या खोलीत गेले. आत्ती दारात बसून दोडक्याच्या शिरा काढत होती. मी विचारलं, "सायूतनक म्हणजे काय?" तिनं मान वर केली नाही. शिरा काढून झालेला दोडका पुन्हा सोलायला घेतला. शेवटी म्हणाली, "मला ऱ्हायला जागा न्हवती गं सुमे." तिनं खोटं सांगितलं असतं तर मी भांडले असते. खरं सांगितल्यावर भांडायला काही उरलंच नाही. अण्णांकडे गेले तर ते शांतपणे म्हणाले, "मी न्हाई म्हनलो का तुला कवा? व्रत तू घेतलंस. सगळ्या गावाफुडं. आता मोडनाऱ्या पोरीच्या कागदावर मी सही कशी करू, तूच सांग." आणि भाजलेल्या शेंगांची वाटी माझ्यापुढे सरकवली.

माझी नात हे ऐकून हसते. "आजी, फसवून घेतलेलं प्रॉमिस प्रॉमिस नसतंच," म्हणते. तिचं बरोबर असेल. पण मी त्या घरातली होते. रात्रीचं पाणी न पिणारी, मुंगीला वाट देऊन चालणारी. ज्यांनी फसवलं त्यांच्यावरचा विश्वास गेला, व्रतावरचा गेला नाही, आणि जो गेला नाही त्यानंच मला बांधून घातलं. मी पुढे गणिताची शिक्षिका झाले. नवऱ्याचा कुपवाडला कारखाना होता, सांगलीत संसार झाला. मुलगा पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. उत्तरेची हद्द पुणं, त्यामुळे त्याच्याकडे जाता येतं. वर जाता येत नाही. मी खाली बागेतल्या बाकावर बसते, सून डबा घेऊन लिफ्टनं येते, आणि आम्ही पिकनिकला आल्यासारखे जेवतो. वॉचमनला मी थोडी सटकलेली वाटते.

आत्तीला नंतर दिवस चांगले आले. शाळा तिला बोलवू लागल्या, शाली मिळाल्या. सोबत म्हणून दर वेळी मीच. पहिल्या रांगेत तिची पिशवी मांडीवर घेऊन मी बसायची आणि ती माइकवरून पोरींना सांगायची, "आकाशाला हद्द नसते." टाळ्या पडायच्या. एकदाही तिची नजर माझ्याकडे वळली नाही. मी टाळ्या वाजवायची, नाही असं नाही. पोरींचा काय दोष.

शेवटच्या आजारात ती त्याच खोलीत होती. मी दुपारची तिला पेज भरवत होते. तिनं चमचा अडवला आणि एकदम म्हणाली, "मला वाटलं, तू मोडशील."

"काय?"

"व्रत. दोन वर्सं, चार वर्सं रडशील, मग मोडशील आन् जाशील. मी वाट बघत व्हते. मी असते तर मोडलं असतं."

इतकी वर्षं माझी समजूत होती की तिला निदान पश्चात्ताप होत असेल. तिला माझी निराशा वाटत होती. मला बांधलं तिनं, आणि बांधलेली राहिले म्हणून कमी पडले मी. मी पेज संपवली, तिचं तोंड पुसलं, बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो आजही आहे. ती आता नाही म्हणून तो गिळावा असं मला वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात कराडच्या धावपट्टीवर तिच्या स्मरणाचा एक कार्यक्रम झाला. टेबलावर तिचा फोटो, त्याला झेंडूचा हार. आमच्याच भागातली एक तरुण मुलगी आता तिथं विमान शिकवते. तिनं भाषणात सांगितलं की शाळेत असताना राजमती आत्तींचं एक वाक्य ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं. कुठलं वाक्य ते मला सांगायची गरज नव्हती. मग ती खाली आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, पहिली फेरी तुमची. आत्तींच्या वारस तुम्ही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठावं लागलं. मी तिच्या हाताला धरून पंखावर पाय ठेवला आणि आत बसले. सीट तशीच खोल. तिनं न विचारता माझ्या पाठीमागे उशी दिली. मी दांडा धरला. तळवे ओले झाले, या वयात. समोर काचेतून धावपट्टी दिसत होती, तिच्या टोकाला उसाचे तुरे, आणि त्यांच्या वर सगळं मोकळं. मुलीनं माझा पट्टा बांधला आणि स्वतःचा बांधायला घेतला.

"थांब पोरी," मी म्हणाले. "उतरव मला."

ती गोंधळली, पण तिनं पट्टा सोडला. मी खाली उतरले. मंडपात कुणीतरी हसलं, प्रेमानंच. एक गृहस्थ माइकवरून म्हणाले, सगळ्यांनाच काही राजमती आत्तींचं काळीज नसतं. तिचा फोटो माझ्याकडे बघत होता आणि ती मुलगी माझा हात अजून सोडत नव्हती. तिच्या डोळ्यांत ते एक वाक्य होतं, ज्याच्यावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं.

"भीती वाटली का मावशी?" तिनं हळूच विचारलं.

"हौदु," मी म्हणाले.